युद्धाच्या काळात बातमी कोण तपासणार?

७ मे २०२५ रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’अंतर्गत पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ ठिकाणांवर हल्ले केले. त्यानंतर नियंत्रण रेषेपलीकडून पूंछ शहरावर तोफगोळ्यांचा मारा झाला. डझनभराहून अधिक सामान्य नागरिक त्यात मारले गेले. त्यांत मुसलमान होते, शीख होते, हिंदू होते, शाळेत जाणारी मुले होती. मदरशात शिकवणारे एक शिक्षकही होते. त्यांचा जीव पाकिस्तानी तोफगोळ्याने घेतला. घरचे लोक दफनविधीत असताना देशातील काही वृत्तवाहिन्यांवर त्यांचा फोटो झळकू लागला. भारताच्या कारवाईत ठार झालेला दहशतवादी, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली.

पूंछ पोलिसांना निवेदन काढावे लागले. मृत व्यक्ती परिसरातील आदरणीय धार्मिक शिक्षक होती, तिचा कोणत्याही दहशतवादी संघटनेशी संबंध नव्हता, असे त्यांनी स्पष्ट केले. जूनच्या अखेरीस पूंछच्या एका न्यायालयाने संबंधित वाहिन्यांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पण जो प्रेक्षक त्या रात्री टीव्हीसमोर बसला होता, त्याच्यापर्यंत हा खुलासा पोहोचला असेल का? त्याच्या मनात तो चेहरा दहशतवाद्याचाच राहिला असण्याची शक्यता जास्त आहे.

या एका घटनेत आजच्या युद्धाचे दोन्ही भाग दिसतात. तोफगोळा सीमेपलीकडून आला, खोटी बातमी आपल्याच देशातून आली. माहितीयुद्ध म्हटले की, शत्रू आपल्याला फसवतो, असे आपण समजतो. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. मे २०२५ मधील त्या चार दिवसांत भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांत सर्वाधिक फसवले गेले ते स्वतःचेच नागरिक. आणि आपण महाराष्ट्रातील तरुण मुसलमान या फसवणुकीच्या दुहेरी माऱ्यात सापडतो. एकीकडे आपल्याविषयी खोटे पसरवले जाते आणि दुसरीकडे आपल्याला भडकवण्यासाठी खोटे तयार केले जाते. म्हणून बातमी तपासणे हा आपल्यासाठी तंत्रज्ञानाचा छंद राहिलेला नाही. तो नागरिक म्हणून आपल्या सुरक्षिततेचा आणि इभ्रतीचा प्रश्न आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुरक्षातज्ज्ञ असल्याचा माझा दावा नाही, पण सर्व्हर, लॉग आणि नेटवर्क यांच्याशी रोजचा संबंध आहे. त्या अनुभवातून या विषयाकडे पाहतो आहे.

सायबर हल्ला म्हणजे नेमके काय झाले?

संघर्षानंतर महाराष्ट्र सायबर विभागाने एक अहवाल तयार केला. त्यानुसार पहलगाम हल्ल्यानंतर भारतातील संकेतस्थळांवर आणि यंत्रणांवर १५ लाखांहून अधिक सायबर हल्ले झाले. त्यामागे सात हॅकर गट असल्याचे विभागाने सांगितले. यशस्वी हल्ले होते सुमारे १५०.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत १५ लाख हा आकडा मोठा दिसला. १५० हा आकडा आत कुठेतरी गेला. वास्तविक पाहता दुसरा आकडा जास्त बोलका आहे. १५ लाखांपैकी १५० म्हणजे दर दहा हजारांत एक. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही सर्व्हरचे लॉग उघडून पाहा, शांततेच्या दिवसांतही कोणीतरी सतत दार ठोठावत असते. जगभर फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम प्रत्येक पत्त्यावर जाऊन कडी उघडी आहे का, एवढेच बघत असतात. अशा प्रत्येक ठोठावण्याची मोजणी केली तर लाखांचे आकडे सहज तयार होतात. याचा अर्थ धोका नव्हता असा नाही. पण दार ठोठावणे, दार फोडणे आणि तिजोरी रिकामी करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि युद्धाच्या गोंगाटात त्या तिन्हींना ‘सायबर हल्ला’ हे एकच नाव दिले जाते.

यशस्वी ठरलेल्या हल्ल्यांमध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचे पहिले पान बदलून टाकण्याचा प्रकार होता. याला डीफेसमेंट म्हणतात. भिंतीवर रात्रीतून घोषणा रंगवून जाण्यासारखा हा प्रकार आहे. भिंत पडत नाही, पण सकाळी सगळ्या गावाला घोषणा दिसते. दुसरा प्रकार डीडॉस हल्ल्यांचा. रेशन दुकानासमोर हजार खोटे ग्राहक रांगेत उभे केले, तर खऱ्या कार्डधारकाला धान्य मिळत नाही. दुकान लुटले गेलेले नसते, पण बंद पडल्यासारखे होते. या दोन्ही प्रकारांचा मुख्य हेतू नुकसानापेक्षा प्रसिद्धीचा असतो. स्क्रीनशॉट मिळाला की हॅकर गटाचे काम झाले. पुढचे काम तो स्क्रीनशॉट पसरवणारे करतात.

खरा गंभीर हल्ला आवाज करत नाही. पुण्यातील क्विक हील कंपनीच्या सेक्राइट विभागाने त्या काळात एक मोहीम उघडकीस आणली. पाकिस्तानशी संबंधित मानला जाणारा ‘एपीटी ३६’ हा गट भारतीय सरकारी कर्मचाऱ्यांना पहलगाम हल्ल्याच्या अहवालाच्या नावाने फाइल पाठवत होता. ती फाइल हल्ल्यानंतर अवघ्या दोन दिवसांत, २४ एप्रिलला तयार झाली होती. उघडणाऱ्याला सरकारी संकेतस्थळासारखे दिसणारे बनावट पान दिसे आणि तिथे तो आपला पासवर्ड टाकून बसे. म्हणजे २६ निरपराध माणसांच्या मृत्यूचे दुःख ओसरलेही नव्हते, तोवर कोणीतरी त्याचा गळ करून पाण्यात सोडला होता. त्या २६ जणांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. पर्यटकांना वाचवण्याचा प्रयत्न करताना गोळ्या झेललेला पहलगामचा मुसलमान घोडेवालाही त्यांत होता.

आता तिसरी गोष्ट पाहा. त्याच दिवसांत पाकिस्तानी समाजमाध्यमांवर दावा फिरत होता की, सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीजयंत्रणा बंद पाडली आहे. आपल्या घरात पंखा फिरत होता, दिवा चालू होता. भारताच्या पत्र सूचना कार्यालयानेही हा दावा खोटा असल्याचे जाहीर केले. मग हे खोटे कोणासाठी होते? भारतीयांसाठी नक्कीच नव्हते, कारण बटण दाबून पाहणे आपल्याला शक्य होते. ते पाकिस्तानातील सामान्य माणसासाठी होते. आपले सैन्य जिंकते आहे, या समाधानात त्याने झोपावे, एवढाच त्याचा उपयोग.

खरे काय ते समजायला वेळ लागतो

सायबर हल्ल्यात सर्वांत अवघड प्रश्न असतो, हे कोणी केले? बंदुकीची गोळी कुठून आली ते सांगता येते. नेटवर्कवरील हल्ला पाच देशांतील भाड्याच्या सर्व्हरवरून फिरून येतो.

मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. सकाळी वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडच्या काळात रुग्णालयांना जनरेटरवर जावे लागले. साडेचार महिन्यांनी ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारतीय वीजक्षेत्राच्या यंत्रणांमध्ये शिरकाव केल्याचे त्यात म्हटले होते, मात्र मुंबईतील अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचे त्या कंपनीने म्हटले नव्हते. महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र हा मानवी चुकीचा प्रकार असल्याचे सांगितले. राज्य एक म्हणते, केंद्र दुसरे म्हणते, तज्ज्ञ कंपनी सावधपणे तिसरे म्हणते. महिन्यांच्या तपासानंतर ही स्थिती असेल, तर वीस मिनिटांत ‘अमुक देशाने आपली ग्रिड हॅक केली’ असे सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

दुसरे उदाहरण त्याच्याही आधीचे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये करभरणीच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा मालवेअर पसरला. निशाणा युक्रेन होता. पण काही तासांत तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत गेला आणि आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनल ठप्प झाले. दोन देशांच्या भांडणाची झळ उरणजवळ कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या ट्रकचालकाला लागली. या हल्ल्यामागे रशियाचे लष्कर असल्याचे अमेरिका आणि ब्रिटनने अधिकृतपणे जाहीर केले ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे साडेसात महिन्यांनी.

सत्य बाहेर यायला महिने लागतात आणि अफवेला मिनिटे पुरतात. माहितीयुद्ध चालते ते याच मधल्या काळात.

दोन्ही बाजूंचे खोटे

८ मेच्या रात्री आपल्याकडील अनेक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. ‘आयएनएस विक्रांत’ने हल्ला केला, असे निवेदक ओरडून सांगत होते. असे काही घडले नव्हते. कराचीचे म्हणून जे व्हिडिओ फिरले, त्यांत जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झालेल्या विमान अपघाताचाही व्हिडिओ होता. पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते आपली दोन विमाने पडल्याची कबुली देत आहेत, असा एक व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. जुन्या पत्रकार परिषदेच्या चित्रीकरणावर कृत्रिम आवाज चढवून तो बनवला होता.

तिकडेही कमी नव्हते. पाकिस्तान सरकारच्या अधिकृत एक्स खात्यावरून ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधील दृश्ये लष्करी कारवाईची म्हणून टाकली गेली. पाकिस्तानचे उपपंतप्रधान इसहाक दार यांनी तर संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आपल्या हवाई दलाची स्तुती करताना ब्रिटनच्या ‘डेली टेलिग्राफ’चा दाखला दिला. ते पहिले पान बनावट होते. आणि ते बनावट असल्याचे सांगितले पाकिस्तानच्याच ‘डॉन’ या वृत्तपत्राने.

त्याच सुमारास पाकिस्तानच्या आर्थिक व्यवहार विभागाच्या एक्स खात्यावर जगाकडे कर्जाची याचना करणारी पोस्ट दिसली. आपल्याकडे तिची यथेच्छ टिंगल झाली. नंतर पाकिस्तानने सांगितले की, खाते हॅक झाले होते. सायबर हल्ला आणि माहितीयुद्ध यांतील सीमारेषा इथे पुसली जाते. अधिकृत खाते हेसुद्धा आता पुरेसा पुरावा राहिलेले नाही.

सरकारांचे वागणे पाहा. पाकिस्तानने फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या नागरिकांना एक्स वापरू दिले नव्हते. ही बंदी उठली ती नेमकी ७ मे २०२५ रोजी. एरवी जे नागरिक बोलले तर धोका वाटत होता, तेच युद्धात शिपाई म्हणून उपयोगी वाटले. भारतात उलट दिशेने पावले पडली. सरकारने आठ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करण्याचे आदेश दिल्याचे एक्स कंपनीने ८ मे रोजी जाहीर केले. त्यांत पाकिस्तानी प्रचारखाती होती, तशी काश्मीरमधील आणि इतर स्वतंत्र पत्रकारिता करणारी खातीही होती. ‘द वायर’ हे संकेतस्थळ काही काळ बंद राहिले. कराची बुडवणाऱ्या वाहिन्या मात्र चालू होत्या.

माहिती सुरक्षेत आम्हाला पहिल्या धड्यात तीन शब्द शिकवले जातात. गोपनीयता, म्हणजे माहिती चुकीच्या हाती जाऊ नये. उपलब्धता, म्हणजे गरज असेल तेव्हा ती मिळावी. आणि अखंडता, म्हणजे तिच्यात कोणी फेरफार करू नये. पासवर्ड चोरीला गेला की बोंब होते, संकेतस्थळ बंद पडले की बोंब होते. पण एका समाजाच्या माहितीची अखंडता बिघडली, तर कोणताही अलार्म वाजत नाही. उलट लोक टाळ्या वाजवतात, कारण बिघडलेली माहिती त्यांना आवडणारी असते.

आपली जागा कुठे आहे?

आता आपल्या घराकडे येऊ. त्या आठवड्यात आमच्या खानदानाच्या ग्रुपवर, ज्यात रत्नागिरी, मुंब्रा आणि कुवेत सगळेच आहेत, एक संदेश आला. पाकिस्तानने ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाचा व्हिडिओ पाठवला आहे, तो उघडला की फोन कायमचा जातो, सगळ्यांना कळवा. पाठवणाऱ्या होत्या माझ्या खाला. मी त्यांना फोन केला.

“खाला, हा मेसेज जवळपास दहा वर्षं जुना आहे. तेव्हा पाकिस्तानचं नाव नव्हतं. असा व्हायरस कुणाला सापडलेला नाही.”

“अरे बेटा, पण पाठवून ठेवला तर बिघडलं काय? सावध राहिलेलं बरं.”

खालांच्या मनात कोणाचे वाईट करायचे नव्हते. बहुतेक अफवा अशाच, काळजीपोटी पुढे जातात. आणि त्याच ग्रुपवर त्याच दिवशी आलेली, अनोळखी लिंक न उघडण्याची आणि पासवर्ड न सांगण्याची खरी सूचना कोणी वाचली नाही, कारण ती कंटाळवाणी होती. खोट्या सावधगिरीने खऱ्या सावधगिरीची जागा घेतली. बिघडते ते हे.

काळजीपोटी पुढे गेलेल्या संदेशाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्या काळात देशभर भीती पसरवणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीतील मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करणाऱ्या जाहिरातीचा होता. शेवटचा संदेश कापून तो भारतात फिरवला गेला. राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावात अशाच अफवेतून एका कुटुंबाला जमावाने घेरले. तिथे काही स्थानिक रहिवासी आणि पोलीस मध्ये पडले आणि सगळ्यांचे प्राण वाचले. मालेगावचे नाव बातम्यांत कशासाठी येते हे आपण जाणतो. हे नाव यासाठीही लक्षात ठेवायला हवे.

आता युद्धाच्या दिवसांत आपल्याला लक्ष्य करणारे खोटे पाहू. पूंछच्या शिक्षकांचे उदाहरण वर आलेच. पहलगाम हल्ल्यात पती गमावलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने मुसलमान आणि काश्मिरींच्या मागे लागू नका असे आवाहन केले, तेव्हा तिच्यावरच शिव्यांचा भडिमार झाला. कर्नल सोफिया कुरेशी यांनी देशासमोर लष्कराची बाजू मांडली, आणि काही दिवसांत मध्य प्रदेशचे एक मंत्री, विजय शाह, यांनी त्यांच्याविषयी असे उद्गार काढले की उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला सांगावे लागले.

पण याच कर्नल कुरेशींच्या नावाने दुसरी एक पोस्ट फिरली, ती आपल्यासाठी होती. बेळगाव जिल्ह्यातील त्यांच्या सासरच्या घरावर हिंदुत्ववादी जमावाने हल्ला करून तोडफोड केली, असे त्यात म्हटले होते. बेळगाव पोलिसांनी ही पोस्ट खोटी असल्याचे सांगितले. असा कोणताही हल्ला झाला नव्हता. क्षणभर विचार करा. मंत्र्याच्या वक्तव्याने मन दुखावलेल्या मुसलमान तरुणाला ही पोस्ट किती खरी वाटली असेल! त्याचा राग योग्य होता, त्याला कारण होते. त्याच रागाला कोणीतरी काडी लावू पाहत होते. ती पोस्ट पेटली असती, तर बेळगावात, कोल्हापुरात, मिरजेत काय झाले असते, हे सांगायला नको.

आपल्यावर अन्याय होतो म्हणून आपल्याकडे येणारी प्रत्येक अन्यायाची बातमी खरी ठरत नाही. ही गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलली पाहिजे. खोट्या बातमीचा सर्वांत मोठा तोटा खऱ्या पीडिताला होतो. बेळगावची एक खोटी पोस्ट उघडी पडली की, पूंछच्या खऱ्या शिक्षकांची गोष्ट सांगणाऱ्यालाही लोक म्हणतात, “तुमचं नेहमीचंच.”

आणि आपल्या बाबतीत कायद्याचा हात किती झटकन पडतो, तेही विसरू नका. पुण्यात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका काश्मिरी विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरविषयीची एक पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे टाकली. दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली. तरीही कॉलेजने काढले, पोलिसांनी अटक केली, येरवड्यात ठेवले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका केली, सरकारला आणि कॉलेजला खडे बोल सुनावले आणि तिला परीक्षेला बसू दिले. न्यायालयाचे हे उत्तर आश्वासक आहे. पण त्याआधीचे तुरुंगातले दिवस तिला कोण परत देणार? कराची बुडवणाऱ्या निवेदकांपैकी एकालाही एक रात्र कोठडीत काढावी लागली नाही. ही विषमता अन्यायाची आहे आणि तिच्याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे. मात्र ती संपेपर्यंत आपल्या अंगठ्याला जपणेही भाग आहे.

मग करायचे काय?

गप्प बसणे हा उपाय नाही. गप्प बसलेल्या समाजाविषयी दुसरेच बोलत राहतात. उत्तरादाखल आपणही तसेच खोटे फिरवणे हा तर सरळ पराभव आहे. तिसरा मार्ग आपल्या परंपरेला ओळखीचा आहे.

हदीसच्या विद्वानांनी शतकांपूर्वी इसनादची शिस्त घडवली. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ते दोघे एकमेकांना भेटणे शक्य होते का, सांगणारा सचोटीचा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे सगळे तपासले जाई. एक कडी कच्ची निघाली की कथन जईफ ठरे, मग मजकूर मनाला कितीही भावणारा असो. आज तुमचा ब्राउझर बँकेचे संकेतस्थळ उघडताना काय करतो? प्रमाणपत्र कोणी दिले, देणाऱ्याला कोणी मान्यता दिली, अशी साखळी तपासतो. एक कडी तुटली की लाल इशारा दाखवतो. तत्त्व तेच आहे. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असा शिक्का असलेल्या संदेशात तर साखळीच नसते. सांगणारा कोण हेच माहीत नसते. त्याला खबर तरी कशी म्हणायची?

कामाच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, तणावाच्या काळात कोणताही व्हिडिओ किमान एक दिवस पुढे पाठवू नका. खरी बातमी एका दिवसाने शिळी होत नाही. दुसरी, व्हिडिओतील एक चित्र घेऊन गूगल लेन्सने शोधा. फिलाडेल्फियाचा कराची झालेला व्हिडिओ असाच पकडला जातो. तिसरी, ऑल्ट न्यूज, बूम यांसारख्या संस्था त्या दिवसांत दोन्ही देशांचे खोटे तपासत होत्या, त्यांचे काम वाचा. सरकारी खुलासाही वाचा, पण युद्धात सरकार स्वतः एक पक्ष असते हे ध्यानात ठेवून. केंद्र सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, अशी तरतूद माहिती तंत्रज्ञान नियमांत करण्यात आली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. नागरिकाची तपासण्याची जबाबदारी कोणालाही कायमची सोपवता येत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खोटे पकडले की ग्रुपवर नुसते ‘फेक’ लिहून थांबू नका. वडीलधाऱ्यांना चारचौघांत लाज आणू नका, त्यांना वेगळा फोन करा. वाहिनीने खोटे दाखवले असेल, तर चित्रफीत, तारीख, वेळ जपून ठेवा आणि आधी त्या वाहिनीकडे, मग वृत्तवाहिन्यांच्या नियामक मंडळाकडे लेखी तक्रार करा. पूंछचे प्रकरण न्यायालयात पोहोचले, कारण कोणीतरी कागद घेऊन तिथे गेले. आपल्यातील वकील, इंजिनिअर, पत्रकारितेचे विद्यार्थी एकत्र बसले, तर प्रत्येक शहरात पाच-सहा जणांचा असा गट उभा राहू शकतो. त्यासाठी निधी लागत नाही, कार्यालय लागत नाही. या गटाने मुसलमानांविषयीचे खोटे तपासावे, आणि मुसलमानांमध्ये फिरणारे खोटेही तितक्याच कठोरपणे तपासावे. दुसरे काम केले तरच पहिल्या कामावर लोक विश्वास ठेवतील.

१० मे २०२५ च्या संध्याकाळी गोळीबार थांबला. मात्र सायबर हल्ले त्यानंतरही पूर्ण थांबले नाहीत, असे महाराष्ट्र सायबर विभागाने नोंदवले आहे. अफवांच्या बाबतीत तर युद्धविराम असतच नाही. पुढचा तणाव कधी येईल ते आपल्या हाती नाही. तो येईल तेव्हा आपल्या शहरात तपासणारे पाच जण तयार असतील की नाही, हे मात्र आतापासून ठरवता येते. तुमच्या गावात असा गट सुरू करायचा असेल, तर पहिल्या बैठकीला पूंछच्या त्या शिक्षकांच्या बातमीपासूनच सुरुवात करा. ती कोणी प्रथम दाखवली, कोणाच्या हवाल्याने दाखवली, खुलासा केव्हा आला आणि तो किती जणांनी दाखवला, याची साखळी कागदावर मांडा. एका संध्याकाळचे काम आहे.